फोल्डिंग फायर एस्केप शिडी: मागवायच्या आधी भिंत मोजा

पहिल्या मजल्यावर राहतो, खाली यायला जिना एकच. त्या जिन्यातच धूर कोंडला तर काय करायचं हे बरेच दिवस डोक्यात होतं म्हणून ही मागवली. साधारण 4 मीटर लांब, वर दोन मोठे हुक आहेत ते खिडकीच्या कठड्यावर अडकवायचे आणि पट्टा ओढला की शिडी खाली सुटते.

मजबुतीबद्दल तक्रार नाही. मागून टेकू दिलेत ते भिंतीला टेकतात, त्यामुळे पाऊल नीट बसतं, नाहीतर नुसती बोटंच टेकली असती.

पण बेडरूमच्या खिडकीला लावायला गेलो तर हुक बसेनाच, भिंत जाड निघाली! किती जाडीपर्यंत चालते ते बॉक्सवर बारीक अक्षरात होतं आणि मी काही वाचलं नव्हतं, चूक माझीच. आता मुलांच्या खोलीत पलंगाखाली ठेवलीय, तिथे बसते. खिडकीला फिक्स ग्रिल असेल तर घेऊच नका, आधी उघडणारी ग्रिल करून घ्या.

सराव तळमजल्याच्या खिडकीवर केला. पहिलं पाऊलच अवघड, तोंड भिंतीकडे करून पोट कठड्यावर टेकवायचं आणि पायाने पायरी चाचपडायची, वर शिडी डुलतेय. पोरगी दुसऱ्यांदा सरसर उतरली. आईने बघूनच सांगितलं, मला नाही रे जमायचं. मग तिच्यासाठी वेगळं ठरवलं, खोलीचं दार बंद, खालच्या फटीत ओला टॉवेल, आणि खिडकीतून टॉर्च दाखवत राहायचं. असलं काही माहितीपत्रकात नाही, खरंतर हवं होतं.

आणि शिडी आहे म्हणून आधी खिडकीकडे पळायचं नाही हां, दाराला हाताची मागची बाजू लावून बघायची, गार असेल आणि बाहेर धूर नसेल तर सरळ जिन्याने, मागची दारं ओढून घेत. तापलं असेल तर दार उघडायचंच नाही, तेव्हा ही शिडी. उंच मजल्यावर राहणाऱ्यांना हिचा काही उपयोग नाही, पुरणारच नाही.

परत घडी घालायला अर्धा तास गेला, साखळ्यांचा नुसता गुंता. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो पट्ट्यासाठी, काळ्या शिडीला काळाच पट्टा, लाइट गेल्यावर शोधायचा कसा? मी त्यावर रेडियम टेप चिकटवलाय.