वजनी सॅक घेऊन सिंहगड: सहा महिन्यांच्या वापरानंतर

ट्रेकच्या सरावासाठी मुद्दाम वजन भरलेल्या सॅकचा वापर असा: ५० लिटरची सॅक, आठवड्यातून एकदा पायथ्याची आतकरवाडी ते गडाचा पुणे दरवाजा, वाहणाऱ्याचं वजन ६८ किलो. सुरुवात साडेतीन किलोने, दर दोन आठवड्यांनी एक किलो वाढ, आणि साधारण दहा किलोवर थांबलो. यात सॅकचं स्वतःचं दीड-दोन किलो धरलेलं आहे. बहुतेक जण ते धरत नाहीत आणि पहिल्याच दिवशी ठरवल्यापेक्षा जास्त उचलतात.

भरायला काय घ्यावं? वाळूची पिशवी तासाभरात तळाला बसते, मग सॅक मागे ओढते आणि माणूस कमरेतून पुढे वाकतो. डंबेल पाठीत टोचतं. सगळ्यात बरं पाणी. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या घ्या, त्या जाड असतात. साध्या पाण्याच्या बाटल्या चेपून झाकणातून झिरपतात. काठोकाठ भरा, नाहीतर पाणी डचमळतं आणि प्रत्येक पावलाला तोल हलतो. तळाशी स्लीपिंग बॅग किंवा जुनी चादर कोंबायची, बाटल्या तिच्यावर, पाठीला चिकटून.

पाण्याचा खरा फायदा मात्र वर पोचल्यावर. तिथे ते झाडाच्या बुंध्याशी ओतून रिकामी सॅक घेऊन उतरता येतं. चढताना दम लागतो, मांड्या भरून येतात, पण गुडघा बिघडतो तो उतरताना. उताराला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि तो थकला की धक्का वाटीवर आणि टाचेवर जातो. आतकरवाडीच्या वाटेवर घसरडी माती आणि उंच दगडी टप्पे आहेत, तिथे पाठीवर दहा किलो असताना धपकन पाय टाकणं म्हणजे दुखणं विकत घेणं. पहिले तीन महिने भरल्या सॅकने उतरायचंच नाही. त्यानंतरही वर निम्मं ओतून द्यावं.

पट्ट्यांचा क्रम बहुतेकांचा चुकतो. आधी कमरेचा पट्टा, तोही पोटावर नाही, खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर. मग खांद्याचे, शेवटी छातीचा. खांदे बधिर झाले तर कमरेचा पट्टा सैल आहे, असं समजा. काठ्या असतील तर उतरताना पाच ते दहा सेंटीमीटर लांब करा.

वजनी जॅकेटही वापरून झालं. ते अंगाला घट्ट बसतं, हलत नाही, पण सगळा भार खांद्यांवर आणि मणक्यावर, शिवाय श्वास आवळतो. सपाटीवर ठीक. घोट्याला बांधायची वजनं ट्रेकसाठी घेऊच नका. पायाच्या टोकाला बांधलेला एक किलो गुडघ्याला आणि खुब्याला पाठीवरच्या एका किलोपेक्षा बराच जड पडतो, आणि चालच बदलते.

घाई हाच मोठा घोटाळा. दम महिन्याभरात वाढतो. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि कूर्चा (सांध्यातलं मऊ आवरण) त्या वेगाने तयार होत नाहीत. म्हणून ‘आज हलकं वाटतंय’ या भरवशावर तीन किलो वाढवू नयेत. दुसऱ्या दिवशी मांडी दुखली तर चालेल. वाटीच्या पुढे किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचलं आणि २४ तासांत गेलं नाही, तर पुढच्या खेपेला वजन निम्मं. सूज आली तर सॅक खुंटीला आणि गुडघा डॉक्टरांना दाखवायचा.

जोडीला घरी पंधरा सेंटीमीटरच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली टेकायचं, दहाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत वळत असेल तर आरशासमोर करा.