लेआउट बनवून देणाऱ्याला ॲडव्हान्स देताय? आधी हे वाचा

मॉडेल रेल्वेचा लेआउट (फळीवर मांडलेली छोटी रेल्वे) तयार करून देतो, ट्रॅकसकट सगळं माझ्याकडे म्हणणारे आता बरेच झालेत, त्यातल्या एकाकडे माझे 45,000 गेले म्हणून लिहितोय. नाव लिहीत नाही पण पद्धत समजून घ्या.

मला एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या 87 पट लहान) भोर घाट हवा होता, 8 बाय 4 फुटी प्लायवर, 8 च्या आकड्यासारखा लूप जो पुलाने स्वतःच्याच वरून जातो. तो म्हणाला आरामात बसेल, चढ 2 टक्केच ठेवतो, रूळ सगळे निकेल सिल्व्हरचे, मीटरमीटरला फीडर वायर (रुळाला करंट देणारी). सगळं व्हॉट्सॲपवर लेखी आहे. काम झाल्यावर व्हिडिओ पाठवला त्यात इंजिन झकास चढतंय, पण एकटंच, मागे एक डबा नाही!! हीच मेख आहे, एकटं इंजिन बऱ्यापैकी खड्या चढावरही जातं. डिलिव्हरीनंतर 4 डबे लावले तर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, विचारलं तर म्हणे तुमचं इंजिनच वीक आहे.

मग 1 मीटरची पट्टी वरच्या टोकाला रुळावर टेकवून लेव्हलमध्ये धरली आणि दुसऱ्या टोकाखालची फट मोजली. 2 टक्क्याला 20 मिमी यायला पाहिजे, आली 55. खऱ्या भोर घाटात 1:37 म्हणजे 2.7 टक्के आहे आणि तिथेसुद्धा गाड्यांना कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, जोडतात हो!

आणि हे त्याला आधीपासून माहीत असणारच. खालून गाडी जायला पुलाच्या जाडीसकट साधारण 90 मिमी उंची लागते, 2 टक्क्याने चढायला साडेचार मीटर, उतरायला तेवढेच, झाले 9, आणि 8 बाय 4 वर 18 इंच रेडियसने असा लूप जेमतेम सहा मीटर भरतो. त्यात चढ सुरू होतो तिथे रूळ हळूहळू उचलावा लागतो नाहीतर कपलिंग सुटतात, त्यातही लांबी जाते. म्हणजे 2 टक्के त्या प्लायवर बसूच शकत नव्हतं, तरी लिहून दिलं.

रुळांचं तर पावसाळ्यात उघड झालं, लालसर गंज. चुंबक लावला तर टकन चिकटला. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्याला चुंबक चिकटत नाही आणि असा गंजही येत नाही. स्टीलचे रूळ नवे असताना तसेच चकचकीत दिसतात त्यामुळे नुसतं बघून कळत नाही, चुंबक लावाच, जॉइनरवर (दोन रूळ जोडणारा तुकडा) नको, रुळाच्या मधल्या भागावर. प्लाय उलटा केला तर फीडर एकाच जागी, बाकी सगळा करंट गंजलेल्या जॉइनरमधून, मग पलीकडच्या टोकाला इंजिन मरगळणारच.

त्याने बिल दिलेलं नाही, आता फोनही उचलत नाही. चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडून ग्राहक तक्रार केली आहे. अजून दोघांनी त्यालाच ॲडव्हान्स दिलाय असं कानावर आलंय, त्यांनी उरलेले पैसे द्यायच्या आधी मला मेसेज करा, पट्टी, लेव्हल आणि चुंबक घेऊन मी स्वतः येतो.