सेकंडहँड केंडो ८८: कडक बर्फ आणि पन्नास मायक्रॉनचं भांडण

व्होल्कल केंडो ८८ ही स्कीची जोडी, लांबी १७० सेंमी, वापरलेली, बाइंडिंगसकट (बूट स्कीला अडकवणारा चाप) २५० युरो. रॉकर (टोकांचा वर वळलेला बाक), कॅम्बर (पायाखालची कमान), वजन हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, ते इथे परत उतरवत नाही. गेल्या मार्चमध्ये विचारलं असतंत तर मी एकच सांगितलं असतं, घेऊ नका. सांगतही सुटलो होतो तसं. आता मत फिरलंय, पण पूर्ण नाही. आणि ते फिरलं बर्फावर नव्हे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत.

आधी ८८ का, ते. हा आकडा म्हणजे स्कीच्या कमरेची, मधल्या भागाची, रुंदी मिमीत. आपल्याकडे स्की घेणारा प्रत्येक जण गुलमर्गच्या पावडरची, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाची, स्वप्नं बघतो आणि कमरेला १०० किंवा १०५ ची जोडी उचलतो. पावडर असते, नाही कशाला म्हणू? पण ती तिथे मुक्काम ठोकून बसणाऱ्याला मिळते. आपण रजा टाकतो दोन महिने आधी, कर्नाटक एक्सप्रेसचं तिकीट काढतो त्याहून आधी, आणि पोचतो तेव्हा जे असेल ते पदरात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून मार्चवर गेले. उत्तराखंडातल्या औलीचा उतार तर बहुतेक वेळा दाबलेला. दिवसा उन्हात मऊ होतो, रात्री गोठतो, आणि सकाळी नऊला त्यावर उभं राहिलं की पायाखालून करकर आवाज येतो. रजेवर येणाऱ्याच्या वाट्याला हाच बर्फ जास्त येतो. अशा बर्फावर अरुंद कंबर बरी, कारण एका एजवरून (तळाच्या कडेची पोलादी पट्टी) दुसऱ्या एजवर जायला वेळ कमी लागतो आणि घोट्यावर ताण कमी येतो. पायाखाली कॅम्बर हवा. आत टायटॅनलचा (अॅल्युमिनियमचा मिश्रधातू) थर हवा, म्हणजे स्की पिळली जात नाही आणि थरथरत नाही. केंडोत हे सगळं आहे, फक्त धातू अखंड पत्रा म्हणून नाही; कडेने चौकट आणि पायाखाली वेगळा तुकडा असा बसवलाय.

लांबी १७० घेण्याचं कारण खरं सांगायचं तर रेल्वे. माझ्या वजनाला १७७ चालली असती, पण १७० ची बॅग खालच्या बर्थखाली सरळ बसते. १७७ घेऊन रात्रभर पॅसेजमधल्या लोकांच्या लाथा आणि शिव्या कोण खाणार?

जोडी भाच्याने म्युनिकजवळच्या एका दुकानातून घेतली. तिकडे हिवाळ्याआधी वापरलेल्या सामानाचे बाजार भरतात, दुकानंही जुनी जोडी तयार करून विकतात. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ताजी धार लावलेली आणि वॅक्स केलेली. वरचा पत्रा स्वच्छ, बेसवर, म्हणजे तळावर, एकही खोल ओरखडा नाही. भाच्याने फोटो पाठवले, मी हो म्हटलं. सोलापूर स्टेशनवर रिक्षावाल्याने विचारलं, "काका, पडद्याचे पाईप का?" हो म्हणून मोकळा झालो.

पहिला हंगाम. गुलमर्गला मऊ बर्फावर स्की झकास चालली. औलीला कडक बर्फावर मात्र जीव मुठीत. वळण घ्यायला पाय कलवावा तर स्की धरतच नाही, नुसती सरकते. आणखी कलवा, तरी सरकते. आणखी कलवा, आणि मग एकदम अशी धरते की आपण पुढच्या पुढे. तिथल्या एका दुकानात धार लावून घेतली. पोऱ्याने साइडने दोन-चारदा कानस ओढली, पैसे घेतले, फरक शून्य. नखावर घासून पाहिलं तर नखाचा भुगा निघत होता, म्हणजे धार होती. मग मी निष्कर्ष काढला की ८८ कडक बर्फाला रुंदच, ७८-८० ची घ्यायला हवी होती, आणि हे रॉकरवाले प्रकार म्हणजे विक्रीचं तंत्र. हेच मत मार्चभर वाटत फिरलो.

उन्हाळ्यात स्की घरी कॉटखाली पडून होती. माझा एक शाळेपासूनचा मित्र यंत्रमागाचे सुटे भाग बनवतो, छोटं टूलरूम आहे. त्याला नुसती दाखवायला नेली. त्याचं पहिलं वाक्य, "हे कशाला बे? बर्फ कापायला?" दुसरं वाक्य कामाचं होतं. त्याने तपासायची स्टीलची पट्टी बेसवर आडवी ठेवली, मागून टॉर्च धरली आणि म्हणाला, "कडेला उजेड येतोय बघ."

तो उजेड म्हणजेच माझी सगळी तक्रार, म्हणून जरा सविस्तर. स्कीच्या एजला दोन बाजू. साइडची बाजू बहुतेक जण ८८ अंशांवर ठेवतात. बेसकडची बाजू बेसच्या पातळीत नसते, किंचित वर उचललेली असते, अर्धा ते एक अंश. ती उचललेली नसेल तर स्की सरळ जातानाही अडखळते. पण जास्त उचलली तर पाय कितीही कलवा, पोलाद बर्फाला उशिरा भेटतं. मऊ बर्फात हे कळतच नाही, कारण तिथे सबंध स्की रुतते. कडक बर्फावर आपण उभे असतो त्या दोन मिलिमीटरच्या पोलादावर, बाकी सगळी शोभा.

आता हिशेब. माझ्या एजची रुंदी जवळपास २ मिमी, म्हणजे नव्याइतकीच. एक अंश उचल असेल तर बाहेरच्या कोपऱ्यात फट येते ०.०३५ मिमी. मित्राच्या फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच) ०.०५ ची पत्ती तिथे शिरायलाच नको होती. ०.०८ ची शिरली! दोन्ही स्कींवर, दोन्ही कडांना, टोकापासून शेपटीपर्यंत. म्हणजे उचल अडीच अंशांच्या आसपास. साइडला ८८, त्यात हे अडीच मिळवा, एजचा कोन साडेनव्वद. काटकोनापेक्षा बोथट. वरून नखाचा भुगा पाडणारी धार, आणि कोन भिंतीच्या कोपऱ्यासारखा. "ताजी धार" लावणाऱ्याने बेसच्या बाजूने बेसुमार घासलं होतं, दुसरं कारण संभवत नाही, कारण इतका सारखा आकडा वापराने येत नाही. वापराने पायाखाली जास्त झिजतं, टोकांना कमी.

दुकानाला भाच्यामार्फत लिहिलं, फोटो जोडले, पत्तीवरचा आकडा दिसेल असे. उत्तर आलं, वापरलेल्या मालावर धारेची हमी नसते. मी लिहिलं, हमी धारेची मागत नाही, तुम्ही पैसे घेऊन जे काम केलंत त्याची मागतोय. उत्तर आलं, स्की घेऊन या, बघू. सोलापूरहून! भाचा वैतागला, "मामा, २५० युरोत तुम्हाला काय काय पाहिजे?" मला पन्नास मायक्रॉन, म्हणजे ती जादा घासलेली ०.०५ मिमी, पाहिजे होती. शेवटी दुकानाने त्यांच्याकडेच वापरायचं वीस युरोचं कूपन दिलं. भाच्याने त्यात हातमोजे घेतले, स्वतःला.

यावरचा सरळ उपाय म्हणजे दगडाच्या मोठ्या चाकावर, पाणी सोडत, पूर्ण बेस सपाट घासून घेणं. ते यंत्र सोलापुरात असण्याचा प्रश्नच नाही. मित्राच्या सरफेस ग्राइंडरकडे आम्ही दोघांनी आशेने पाहिलं. पण त्याचं टेबल अर्ध्या मीटरचं, चुंबकाने पकडणारा मॅग्नेटिक चक अशा स्कीला धरणार कसा, आणि कोरड्या चाकाखाली पॉलिथिलीन वितळून बसलं असतं. मग हातानेच.

स्टीलच्या स्क्रेपरची कड त्याने ग्राइंडरवर सरळ करून दिली. बाइंडिंगचे ब्रेक मध्ये येऊ नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधले. जुनं वॅक्स काढलं आणि टोकाकडून शेपटीकडे लांब लांब हात ओढत बेस उतरवायला घेतला. बेस जसा उतरतो तसं आतल्या बाजूचं पोलाद वर राहायला लागतं, म्हणून अधूनमधून लांब कानस आडवी धरून दोन्ही एज आणि बेस एकत्र फिरवायचे. दर काही हातांनी पट्टी, टॉर्च, पत्ती. पन्नास मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण १७० सेंमी लांब, दोन स्की, आणि मे महिन्यातलं सोलापूर. घाम बेसवर पडतो, तो आधी पुसायचा. ०.०५ ची पत्ती शिरेनाशी झाली तेव्हा थांबलो. मग बेसच्या बाजूने एक अंश, साइडला मित्राने अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढून दिलेल्या ८८ च्या गाइडवर बारीक कानस, त्यावर डायमंड स्टोन, शेवटी बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची बारीक किनार, काढली. मित्राने पैसे घेतले नाहीत, शेंगाची चटणी घेतली. त्याच्या घरी माझ्याहून चांगली होते, तरी घेतली.

त्यानंतरच्या हंगामात औलीलाच गेलो, मुद्दाम, सकाळच्या पहिल्या चेअरलिफ्टला. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून रोपवे बंद, वर जीपने जावं लागतं, त्यामुळे पहिली लिफ्ट गाठायची तर वरच राहावं लागतं आणि खर्च वाढतो. पण ते पैसे वसूल. पाय जरा कलवला की स्की धरते, आणि धरून ठेवते. मधली ती सरकण्याची पोकळी गेली. वेग वाढला तरी पुढचं टोक फडफडत नाही. थोडक्यात, ८८ रुंद आहे ही तक्रार मी मागे घेतो. रॉकरवरची टीकाही बहुतांशी मागे, कारण एजवर घातली की टोकाचा बराच भाग बर्फाला लागतो.

बहुतांशी, पूर्ण नाही. निळसर, काचेसारखा बर्फ लागला की अजूनही ७८ वाला माझ्या पुढे निघून जातो, तोही कमी कष्टात. जो फक्त औलीलाच जाणार आणि गुलमर्गच्या गोंडोलाच्या वरच्या टप्प्याचं तिकीट कधीच काढणार नाही, त्याने ८० च्या आसपासची घ्यावी. दोन्हीकडे एकच जोडी न्यायची असेल तर ८८ ठीक.

वापरलेली जोडी बघताना लोक वरचे ओरखडे बघतात. वरचे ओरखडे मेले तरी चालतील. माझा क्रम असा: पट्टी आणि पत्ती खिशात, आधी बेसची फट. मग एज किती शिल्लक. नवी साधारण २ मिमी असते, निम्म्यावर आली असेल तर ती जोडी फुकटातही महाग, कारण पुढे धार लावायला काही उरत नाही. मग दोन्ही स्की बेसला बेस लावून धरा आणि मधली फट बघा. हाताने दाबल्यावर विरोध जाणवला पाहिजे आणि दोन्ही स्कींचा विरोध सारखा पाहिजे. नुसत्या ठेवल्यावरच चिकटून बसत असतील तर कॅम्बर मेला, तो कानशीने परत येत नाही. कडेच्या पट्टीला भेग किंवा वरच्या पत्र्याला फुगवटा दिसला तर पाणी आत गेलंय, सोडून द्या. गंजाला घाबरू नका. वरचा तांबूस गंज स्टोनने निघतो. काळे खड्डे पडले असतील तर मात्र नाही.

बाइंडिंगबद्दल मी आधी बेफिकीर होतो. माझ्या जोडीवर भाड्याच्या स्कीवर असतं तसं, रुळावर सरकणारं बाइंडिंग आलं. बुटाच्या तळव्याच्या लांबीप्रमाणे सरकवता येतं, नवी भोकं पाडावी लागत नाहीत. जड आहे, पण सेकंडहँडमध्ये मी आता असंच शोधेन. बूट ग्रिपवॉक (चालायला सोप्या, वक्र) तळव्याचे असतील तर बाइंडिंगवर तशी खूण आहे ना ते बघा, नुसतं "बसतंय की" म्हणून चालत नाही, सुटण्याच्या वेळी ते सुटलं पाहिजे. आणि बाइंडिंग कंपन्या जुनी मॉडेलं आपल्या यादीतून काढत जातात. यादीबाहेरच्या मॉडेलला चांगलं दुकान हात लावत नाही. पडताना बूट किती जोरावर सुटावा तो आकडा तक्त्यावरून लावून घ्या: वजन, उंची, तळव्याची लांबी, सवय, आणि वय. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक ओळ सौम्य बाजूला सरकावं लागतं. माझी सरकली. त्याबद्दल बोलायचं नाही.

पैशांचं विचाराल तर स्की २५० युरो, भाच्याच्या बॅगेतून आली म्हणून वाहतूक फुकट, फीलर गेज, कानस आणि डायमंड स्टोन मिळून फारसं काही नाही. भाड्याच्या स्कीपेक्षा स्वस्त पडायला अजून काही हंगाम लागतील, हे घरी सांगितलेलं नाही. पावसाळ्यात एजवर मशीन ऑइलचं बोट फिरवतो, बेसवर वॅक्सचा जाड थर तसाच ठेवतो आणि जोडी कॉटखालीच, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नाही. तिथे एप्रिलमध्ये माणूस टिकत नाही, गोंद काय टिकेल.

भाची आता स्वतःसाठी जोडी शोधतेय, त्याच बाजारात. तिला पट्टी आणि गेज कुरिअरने पाठवलंय. दुकानदारासमोर ते खिशातून काढायला तिला लाज वाटते म्हणाली. मी म्हटलं, मग हातमोज्यांचं दुकान शेजारीच आहे.