फेकायचा फिशफाइंडर: दिवाळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) हतनूर धरणाच्या पाण्यावर

काल माझ्या फिशफाइंडरच्या, म्हणजे पाण्यातले मासे शोधणाऱ्या गोळ्याच्या बॅटरीवरून सर्व्हिस सेंटरवाल्याशी पुन्हा वाजलं, म्हणून लिहायला बसलो. त्याचं एकच पालुपद: पावती कॅनडाची आहे, इथे वॉरंटी लागू नाही. बरं, वॉरंटी राहू द्या, पैसे घ्या आणि बॅटरी बदलून द्या. तर म्हणे आम्ही बॅटरी बदलत नाही, आख्खा गोळाच बदलतो. त्याचा जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली तर नवाच येतो.

हा गोळा पुतण्याचा. तो विनिपेगला असतो, दिवाळीत आला तेव्हा घेऊन आला आणि घरातल्या घरात म्हणून निम्म्या किमतीत दिला. पाण्यावर तरंगणारा, गळाच्या दोरीला बांधून फेकायचा, स्वतःच्या वायफायवर मोबाइलला चित्र पाठवणारा. पाण्यात आवाज सोडायचा आणि तळावरून, माशांवरून परत येणाऱ्या आवाजावरून खोली आणि मासे दाखवायचे, हे त्याचं काम.

माझं भांडण आहे ते बटणाशी. बटण नाहीच! खाली धातूचे टिकले आहेत, त्यांना पाणी लागलं की यंत्र सुरू, पाणी सुटलं की थोड्या वेळाने बंद. कागदावर छान. पण पाण्यातून काढलेला गोळा ओल्या पिशवीत टाकला की पिशवीतही तो सुरूच राहतो. चांगदेवहून भुसावळपर्यंत डिकीत बसून तो माझ्या टॉवेलची खोली मोजत येतो आणि घरी पोचेपर्यंत बॅटरी निम्मी. आता मी कोरडं फडकं वेगळं नेतो, गोळा पुसतो, मग स्टीलच्या डब्यात ठेवतो. बायको विचारते, माशांचा डबा कुठला आणि यंत्राचा कुठला. एवढा महागाचा माल बनवणाऱ्यांना चार आण्याचं बटण परवडलं नाही?

ॲपमध्ये एक पर्याय आहे, बर्फातल्या मासेमारीचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा हसलो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बर्फ दिसतो तो रसवंतीवर. पुतण्याने समजावलं. तिकडे हिवाळ्यात तळं गोठतं. चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ धरला की माणूस त्यावर चालू शकतो. गिरमिटाने भोक पाडायचं, बर्फाचा भुगा काढायचा आणि गोळा भोकात सोडायचा. बर्फात हवा अडकलेली असते, तिच्यातून आवाज नीट पार होत नाही, म्हणून यंत्राला थेट पाणी लागावं लागतं. मग स्टुलावर बसून खाली आपलाच गळ हलताना बघायचा. थंडीत बॅटरी लवकर उतरते हे त्याचं दुखणं. माझं दुखणं उलटं, इथे गोळ्याआधी मोबाइलच तापून मान टाकतो, आणि उन्हात पडद्यावर काही दिसत नाही ते वेगळंच.

होळीपर्यंत मी गोळा फेकूनच वापरत होतो आणि माझं मत वाईट होतं. गोळा ओढत आणला की माशाच्या खुणा भराभर उमटतात. त्यातल्या निम्म्या पाणवनस्पती, निम्म्या बुडालेल्या काटक्या. माशाचं चित्र दाखवायची सोय तर मी बंदच करून टाकली. आवाज परत येतो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, आणि पाणवनस्पतींवरचे बुडबुडेही हवेचेच. यंत्राला फरक कळायचा कसा?

मग उन्हाळ्यात पाणी उतरलं. (धरणाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यांना विचारूनच बसतो.) बुडालेल्या बाभळीला होडी बांधून एका जागी बसायला लागलो, तेव्हा सहज तो बर्फाचा पर्याय लावला. तिथून मत फिरलं. भोकाशेजारी बसलेला माणूस आणि बाभळीला बांधलेला माणूस, यंत्राला दोघे सारखेच. गोळा होडीलगत सोडला, शेजारी गळ सोडला, आणि पडद्यावर गळाला वजन म्हणून लावलेल्या शिशाची रेघ वर-खाली होताना साफ दिसली. कणकेची गोळी दिसत नाही, शिसं दिसतं. तळातून दुसरी रेघ उठते, शिशापाशी येते, थांबते, परत खाली जाते. कटला की चिलापी ते यंत्र सांगत नाही, पण कोणीतरी येऊन वास घेऊन गेलं हे कळतं. आधी मी तासभर रिकाम्या पाण्यात गळ टाकून नशिबाला शिव्या देत बसायचो. आता शिव्या माशाला देतो.

गोळ्यातून आवाज खाली शंकूसारखा पसरतो, तो शंकू अरुंद ठेवा. वीस अंशांचा असेल तर वीस फुटांवर साधारण सात फुटांचं वर्तुळ दिसतं. रुंद ठेवलात तर होडीखालचा मासा कुठला आणि बाजूचा कुठला ते समजत नाही. तळही नीट वाचता येतो. खडक असला की दुप्पट खोलीवर दुसरी फिकी रेघ येते, गाळ मात्र आवाज पिऊन टाकतो. हतनूरला गाळ भरपूर, त्यामुळे ती दुसरी रेघ दिसली की मी तिथेच थांबतो.

खोलीबद्दल तक्रार नाही. सोसायटीतले एक नाना दोरीला दगड बांधून पाणी मोजतात. "काय भो, पानी किती सांगते तुही डबी?" असं विचारून स्वतःची दोरी सोडतात. दोघांचा आकडा जुळतो. त्यांच्या दोरीला चार्जिंग लागत नाही हे ते दर वेळी ऐकवतात.

पावसाळ्यात दारं उघडली आणि पाणी गढूळ झालं की काय दिसेल ते बघायचं आहे, पण त्याआधी बॅटरी. आज भुसावळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने गोळा उघडून नवी टाकून दिली, सर्व्हिस सेंटरच्या आकड्यापुढे किरकोळ पैशात. रबरी रिंग बसवली आहे, पण पाणी शिरणार नाही याची हमी देत नाही म्हणाला. "घरी जाऊन रात्रभर बादलीत ठेवा, सकाळी कळेल."

रात्रभर बादलीत, म्हणजे रात्रभर चालू. आणि बंद करायला बटण नाही.