प्रेम आणि मरणाच्या गाण्यांची कार्यशाळा: तीन सत्रं चोख, चौथं ढिसाळ

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी भरणारी ही कार्यशाळा. दोन-दोन तासांची चार सत्रं, शुल्क १,८०० रुपये. पार्किंगचं नाव काढू नका.

पद्धत उत्तम आहे. कवीचं नाव काढलेला कागद हातात देतात. आधी 'मी' कोण, 'तू' कोण ते पेन्सिलीने खुणावायचं, मग क्रियापदांचे काळ बघायचे. प्रतिमांना हात सर्वांत शेवटी. कविता मरणाबद्दल आहे असं म्हणायचं तर मजकुरातले किमान दोन पुरावे द्यावे लागतात.

भा. रा. तांब्यांच्या 'नववधू प्रिया'वर, म्हणजे वरवर सासरी निघालेल्या नवरीच्या पण मरणाची म्हणून वाचल्या जाणाऱ्या कवितेवर, या नियमाचा कस लागतो. माहेरचा लळा, दाटलेला गळा, सासरची वाट. मरणाचं नावही नाही. शेवटी 'खरे घर ते' येतं तेव्हा पुरावा सापडला म्हणून सगळे उड्या मारतात. पण सासर हेच खरं घर, असं मुलीला सांगायची रीतच होती, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. 'तुजवाचुनि संसार फुका' जोडल्यावर 'तू' नुसता नवरा उरत नाही, आणि मग 'बावरते'मधली भीती लाजेपलीकडे जाते.

सुरेश भटांच्या 'इतकेच मला जाताना' या गझलेचं सत्र याहून सरस. 'होते' हा रदीफ, म्हणजे दोन ओळींच्या प्रत्येक शेराच्या शेवटी येणारा तोच शब्द, शेराला भूतकाळात नेतो, त्यामुळे सरणावरचा आवाज सगळं संपल्यावर बोलतोय हे व्याकरणातूनच कळतं. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. सगळे ओवून एकच प्रेमकहाणी रचायची खोड इथे वेळीच मोडतात.

खटकतं ते सोबत मिळणारं प्रतीकांचं कोष्टक. त्यात 'कावळा: मृत्यू' असं छापलंय. पिंडाला शिवणारा कावळा खराच, पण ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत (विरहाच्या अभंगात) तोच पंढरीराऊ येणार असल्याचा शकुन सांगतो. पहिल्या सत्रात जे शिकवलं त्यावर हा कागद पाणी फिरवतो. सरळ रद्दीत घाला.

चौथं सत्र इंग्रजी गाण्यांचं. जुन्या बॅलडमध्ये, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतात, दोन प्रेमिकांच्या थडग्यांवर गुलाब आणि काटेरी झुडूप उगवून एकमेकांत गुंततात. इथे त्याचा अर्थ 'प्रेमातलं सौंदर्य आणि वेदना' असा सांगतात. वास्तविक हा कित्येक बॅलडना जोडला जाणारा ठरीव शेवट आहे, अभंगातल्या 'तुका म्हणे'सारख्या नाममुद्रेइतका सवयीचा; एकाच गाण्याची खूण म्हणून तो वाचला की फसगत होते. (आपल्याकडे सरण, त्यामुळे वेलींना उगवायला जागाच नाही, हा फरकही कुणी काढत नाही.)

मराठी कवितेसाठी जरूर जा. पूर्ण संहिता आधी वाचून जा, कारण ध्वनिमुद्रणात बऱ्याचदा कडवी गाळलेली असतात. पैसे भरण्याआधी फक्त तीन सत्रांचं शुल्क घेतात का, ते विचारा.