उन्हाळ्यात इटालियन शिकायला कुठे जावं: पेरूजा, सिएना की आपल्याच विद्यापीठासोबत फ्लोरेन्स?

इटलीत जाऊन इटालियन शिकायचं ठरलं की बहुतेकांचा शोध तीन नावांवर येऊन थांबतो. उंब्रियातलं पेरूजा, तोस्कानातलं सिएना, किंवा अमेरिकेत शिकत असाल तर तुमच्याच विद्यापीठाचा फ्लोरेन्समधला पाच-सहा आठवड्यांचा कार्यक्रम. माहितीपत्रकं समोरासमोर ठेवली तर फारसा फरक दिसत नाही. सगळीकडे वर्ग, सहली आणि हसरे फोटो. खरा फरक वर्ग सुटल्यावर पडतो. फळवाला, घरमालकीण, बसचा ड्रायव्हर आणि खोलीतला जोडीदार तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलणार, यावर महिन्याभरात पदरात काय पडेल ते ठरतं. माझं माप हेच आहे.

आधी पेरूजा. इथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९२१ मध्ये वर्ग सुरू झाले आणि १९२५ मध्ये त्यांचं विद्यापीठ झालं. गावातल्या एट्रुस्कन (म्हणजे रोमनांच्याही आधीच्या) कमानीशेजारच्या गालेंगा स्ट्युअर्ट महालात ते १९२७ पासून भरतं. अगदी शून्यापासून सुरुवात करणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून इटालियनमधूनच शिकवतात. पहिला आठवडा डोकं भणभणतं, पण वर्गात ब्राझीलचा, चीनचा, पोलंडचा असे एकेक जण असतात. त्यांची आपसात दुसरी भाषा जुळेलच असं नाही, त्यामुळे मोडकंतोडकं का होईना, इटालियनच बोलावं लागतं. गाव टेकडीवर, साधारण पाचशे मीटर उंचीवर. रेल्वे स्टेशन खाली राहतं; तिथून मिनीमेत्रोच्या छोट्या डब्यातून वर जायचं. दुसऱ्या बाजूने चढायचं तर रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने आहेत. पर्यटक येतात, पण फ्लोरेन्ससारखा पूर नसतो. जुलैत उंब्रिया जॅझ महोत्सव भरतो तेव्हा मात्र चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भावही चढतात.

सिएनाची परंपरा त्याहून थोडी जुनी आहे. परदेशी विद्यार्थ्यांचे पहिले वर्ग तिथे १९१७ मध्ये भरले. आज दोन्ही ठिकाणची विद्यापीठं सरकारी आहेत, त्यामुळे शिकवण्याच्या दर्जावरून निवड करायला जाल तर हात रिकामेच राहतील. सिएनाचं विद्यापीठ रेल्वे स्टेशनजवळ आहे, आणि जुनं शहर वर. तिथे राहिलात तर रोजची चढउतार धरून चाला.

सिएनाची मोठी ओढ म्हणजे पालिओ. २ जुलै आणि १६ ऑगस्टला काम्पोच्या चौकात घोड्यांची शर्यत होते. शहराच्या सतरा कोन्त्रादांपैकी, म्हणजे मोहल्ल्यांपैकी, दहाच एका वेळी धावतात. शर्यतीसाठी चौकात माती अंथरली की गल्लीगल्लीत त्याशिवाय विषय नसतो. थोडीफार भाषा येत असेल तर ऐकायला यासारखी शाळा नाही. पण कोन्त्रादा हे रक्ताच्या नात्यासारखं घट्ट प्रकरण आहे. महिन्याभरासाठी आलेला माणूस तिथे पाहुणाच राहतो, आणि नवशिक्याला त्या गलबल्यातलं अक्षरही कळत नाही. शिवाय फ्लोरेन्सहून बसने सव्वा तासात पोचता येत असल्यामुळे दिवसाचे पर्यटक लोंढ्याने येतात. चौकाच्या आसपासचे दुकानदार परका चेहरा दिसला की इंग्रजीवरच येतात. दोन गल्ल्या आत गेलात की चित्र बदलतं.

उच्चारांचं एक सांगून ठेवतो. तोस्कानात दोन स्वरांमधला ‘क’ बोलताना ‘ह’सारखा होतो, ‘ला कासा’ ऐकू येतं ‘ला हासा’. वर्गात प्रमाण उच्चारच शिकवतात आणि कान आठवडाभरात सरावतो, तेव्हा याला घाबरून सिएना टाळायचं कारण नाही. मात्र कान अजून कोराच असेल, तर पेरूजात एक अडथळा कमी.

आता फ्लोरेन्स. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी तिथे बस्तान बसवलं आहे. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचं केंद्र तर १९५९ पासून आहे. या मार्गाचा फायदा एकच, पण मोठा: क्रेडिट थेट तुमच्या गुणपत्रिकेवर चढतात आणि राहण्याची व्यवस्था आयती मिळते. भाषेची अट पूर्ण केल्याशिवाय पदवी अडत असेल, तर बाकीचं सगळं वाचण्याची गरजही नाही. तोटा असा की सोबतचे वीस जण विमानतळापासूनच इंग्रजीत बोलत असतात आणि परतेपर्यंत तेच चालू राहतं. फी क्रेडिटच्या हिशेबाने लागते, म्हणून हा पर्याय बहुधा सर्वांत महाग पडतो. जायचंच असेल तर सामायिक फ्लॅट सोडून इटालियन कुटुंबात राहण्याचा पर्याय आहे का, हे आधी विचारा. असला तर तोच घ्या. आणि हेतू निव्वळ भाषेचा असेल तर इटलीलाच गेलं पाहिजे असंही नाही. मिडलबरी कॉलेजची उन्हाळी इटालियन शाळा १९३२ पासून अमेरिकेतच चालते. तिथे शिकताना दुसरी भाषा बोलणार नाही, अशी लेखी शपथ घ्यावी लागते. फ्लोरेन्समध्ये इंग्रजीत काढलेल्या सहा आठवड्यांपेक्षा तिथे जास्त इटालियन येईल, याबद्दल मला शंका नाही.

प्रमाणपत्राबाबत गोंधळ फार होतो. वर्गाला बसल्याचा कागद वेगळा आणि परीक्षेचा दाखला वेगळा. पेरूजाची परीक्षा ‘चेली’, सिएनाची ‘चिल्स’. दोन्ही इटलीत मान्य आहेत. पुढे इटालियन माध्यमातून पदवी घ्यायची असेल तर साधारण बी-२ पातळी मागतात (ए-१ ते सी-२ या सहा युरोपीय पातळ्यांतली चौथी). शून्यापासून सुरू करून एका उन्हाळ्यात ती गाठता येत नाही, कुणी काहीही सांगो. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना ही अट सहसा नसते, पण तिथे दोन वर्षं काढायची तर एक महिन्याची ही तयारी कामी येते.

जेवणाचं शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे निभतं. सिएनाकडे अंडं न घातलेले जाड हाती वळलेले पीची (शेवयांसारखा पास्ता) टोमॅटो-लसणाच्या सॉसमध्ये मिळतात. पेरूजात तव्यावर भाजलेली तोर्ता अल तेस्तो असते, भाकरीची चुलतबहीण म्हणावी अशी, आणि कास्तेल्लुच्चोचे मसूरही मिळतात. पण उंब्रिया डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा सारणात काय आहे ते विचारूनच घ्या. पार्मिजानो चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेलं विरजण, असतं. कडक शाकाहारी असाल तर तेही लक्षात असू द्या. पाव दोन्हीकडे अळणी.

महिना निवडताना जुलै बरा. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या आगेमागे स्थानिक लोक समुद्रावर जातात, दुकानं बंद राहतात आणि बोलायला माणूसच उरत नाही. सिएनात पालिओमुळे तेव्हाही जाग असते, पेरूजा मात्र ओस पडतं. जुन्या घरांत एसी असेलच असं नाही, हेही विचारून घ्या.

तर पाटी कोरी असेल आणि पैसे स्वतःचे असतील, तर पेरूजा. ए-२ पर्यंत भाषा झाली असेल, कानांना काम हवं असेल, तर सिएना, आणि तेही पालिओ धरून. क्रेडिटशिवाय चालणारच नसेल तर फ्लोरेन्स.

व्हिसाचं काम मात्र निवड होताच सुरू करा. नव्वद दिवसांच्या आतल्या वर्गाला शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवेशाचं पत्र, राहण्याचा पत्ता, बँकेचे कागद आणि किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनी जास्तच सावध राहावं. अमेरिकी पासपोर्टवाल्या वर्गमित्रांना इतक्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, म्हणून कार्यक्रमाच्या बैठकीत तो विषय निघेलच असं नाही. अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या इटालियन वकिलातीत करायचा. आणि निघण्यापूर्वी आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, प्रवासाची सही घ्यायची, पासपोर्टवरचा एफ-१ शिक्का परतीच्या तारखेला चालू असेल का तेही पाहायचं.