भिंतीला निपल होते, भेगेत काहीच नव्हतं

आमच्या तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीला एक उभी भेग आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून थेट जमिनीला टेकलेली. पावसाळ्यात तिच्यातून ओघळ यायचा आणि सुकला की पांढरा लोणा उरायचा. ती बुजवायला आलेल्या कंत्राटदाराने आमची जी फसवणूक केली ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बारकाव्यांसकट लिहिते आहे.

तो आला ऐन उन्हाळ्यात. भिंतीवर दोनदा हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, पाया खचतोय. यंदा केलं नाही तर भिंत आत येईल." आम्ही घाबरलो. पाया खचत नव्हताच. काँक्रीट वाळताना आकसतं, लांबीच्या दर मीटरला साधारण अर्धा मिलिमीटर. खालचा पाया भिंतीला धरून ठेवतो, म्हणून ती मोकळेपणी आकसू शकत नाही आणि उभी तडकते. खिडकीच्या कोपऱ्यावर ताण जास्त, म्हणून सुरुवात बहुतेक वेळा तिथून. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची अशी बारीक भेग गळते, पण भिंत पाडत नाही.

घाबरण्यासारख्या भेगा निराळ्या. भिंतीच्या मधोमध आडवी भेग आणि तिथे आतल्या बाजूला फुगवटा असेल, तर बाहेरची माती आणि पाणी भिंतीला ढकलतंय. तिरकी, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी किंवा एक कड दुसरीच्या पुढे आलेली भेग असेल, तर पाया खचल्याची शंका घ्यावी. तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही. आणि आजच भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. भेग वाढते की नाही ते त्यावरून कळतं. आमच्याकडे अशी खूण असती तर त्याची भीती तिथेच संपली असती.

त्याने इंजेक्शन ग्राउटिंग सुचवलं, म्हणजे पंपाने भेगेत रेझिन भरायचं. हे रसायन पातळ असतं आणि आत जाऊन घट्ट होतं. उपाय बरोबर होता, म्हणूनच आम्ही फसलो. भेगेच्या कडेने निपल, म्हणजे रेझिन आत सोडायच्या छोट्या तोट्या बसल्या, पंप आला. "वास उग्र असतो, तुम्ही वर जा," म्हणाला. अर्ध्या तासात काम संपलं. मग निपल छाटून वर गिलावा आणि पांढऱ्या वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. त्याच संध्याकाळी आम्ही सगळे पैसे देऊन टाकले. पुढे काही महिने भिंत कोरडी राहिली, कारण पाऊसच नव्हता.

पहिल्या मोठ्या पावसात रंगाला टपोरे फुगे आले. एक फोडला तर पाण्याची धार लागली. बाहेरच्या मातीत मीटरभर उंच पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब पडतो. आतून लावलेल्या रंगाला तो मागून ढकलतो, मग रंग टिकणार कसा? गॅरंटीचा कागद काढला. 10 वर्षांची होती, पण फक्त मालाच्या दर्जाची. पाणी येणार नाही, असं एका ओळीतही नव्हतं. फोन तर त्याने उचललाच नाही.

इंजिनिअरने गिलावा खरवडायला लावला. निपलची भोकं बोटाच्या पेराएवढी खोल, भेगेपर्यंत पोचलेलीच नाहीत. भेगेत तार घातली तर ती सरळ आत गेली आणि चिखल घेऊन बाहेर आली. रेझिनचा थेंब नव्हता.

दुसऱ्या माणसाचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलं. त्याने भेगेच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने 45 अंशांत तिरकी भोकं पाडली, म्हणजे ती भिंतीच्या पोटात भेगेला छेदतात. भोकं पाण्याने धुतली. सर्वांत खालच्या निपलपासून सावकाश पंप केलं आणि वरच्या निपलातून रेझिन बाहेर आल्यावरच पुढे सरकला. तुम्हीही तेवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कुणी वर जायला सांगितलं तरी जाऊ नका. भेग ओली होती, म्हणून त्याने पॉलियुरेथेन प्रकारचं रेझिन वापरलं. ते पाण्याशी मिळून फुगतं आणि थोडं लवचीक राहतं. इपॉक्सी हे दुसरं रेझिन जास्त मजबूत, पण त्याला बहुधा कोरडी भेग लागते, आणि भिंत अजून हलत असेल तर शेजारी नवी भेग पडते.

मग तो बाहेर गेला. पहिल्याने घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. छपराच्या पन्हळीचा पाइप भिंतीच्या मुळाशीच सुटत होता. 100 चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर पाणी, सगळं त्या भेगेच्या डोक्यावर. शिवाय भिंतीलगतची भराव माती बसून खोलगट झाली होती. पाइप लांब नेला, माती भरून तीन मीटरमध्ये 15 सेंटिमीटर उतार दिला.

पैशांचा मोठा भाग आम्ही राखून ठेवला होता आणि कागदावर "या भेगेतून पाणी आल्यास पुन्हा दुरुस्ती" असं लिहून घेतलं होतं. पावसाची वाट बघायला नको म्हणून त्यानेच भेगेच्या बाहेर मातीत नळी सोडली आणि संध्याकाळपर्यंत चालू ठेवली. आम्ही आत टॉर्च घेऊन बसलो. भिंत कोरडी राहिली, तेव्हा त्याने उरलेले पैसे घेतले.